‘स्विंग टू बॉप’: मिंटन्समधल्या एका ध्वनिमुद्रणाचा माग

सहावी तार (धागालेखक)

चार्ली ख्रिश्चन या जॅझ गिटारवादकाचे ‘स्विंग टू बॉप’ हे ध्वनिमुद्रण इतक्या कंपन्यांनी, इतक्या वेगवेगळ्या वेष्टनांत बाजारात आणले आहे की त्याची मूळ ओळखच पुसट झाली आहे. (स्विंग ही १९३० च्या दशकात गाजलेली जॅझची शैली, बॉप किंवा बीबॉप ही तिच्यानंतरची.) कुठे त्यावर ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीचे नाव ठळक अक्षरांत असते, कुठे पियानोवादक थेलोनिअस मंकचे. कुठे ते न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबातले आहे असे म्हटलेले असते, तर कुठे ‘न्यूयॉर्क, १९४१’ एवढ्यावरच भागवलेले असते. वादन मात्र एकदा ऐकले की विसरता येत नाही. तुकडा सुरू होतो तोच गिटारच्या भर ओघात, म्हणजे मूळ धून कधी वाजली, कोणी वाजवली आणि त्याआधी काय झाले हे ऐकणाऱ्याला कळण्याचा मार्गच नाही.

ख्रिश्चनचा जन्म २९ जुलै १९१६ रोजी टेक्सासमध्ये झाला, तो ओक्लाहोमा सिटीत वाढला, ऑगस्ट १९३९ मध्ये बेनी गुडमन या वाद्यवृंदप्रमुखाकडे आला आणि क्षयाने २ मार्च १९४२ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी गेला. गुडमनच्या सेक्स्टेटसाठी (सहा वादकांच्या ताफ्यासाठी) केलेल्या तबकड्यांत त्याच्या वाट्याला बहुधा एखादे आवर्तन येई, कधी तेही अर्धेच, कारण ७८ गतीच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटेच मावत. ४ मार्च १९४१ रोजी गुडमनच्या मोठ्या वाद्यवृंदासह केलेले ‘सोलो फ्लाइट’ हा अपवाद म्हणावा, तर तेही तीन मिनिटांच्या आत संपते. ‘स्विंग टू बॉप’मध्ये मात्र तो आवर्तनामागून आवर्तन वाजवत राहतो आणि घाई कुठेच जाणवत नाही. त्याला मोकळेपणाने वाजवताना ऐकण्याची संधी देणारे तुकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, म्हणून यांची वंशावळ नीट लागावी असे वाटते. हे कोणी मुद्रित केले, कुठे आणि कधी, धून कोणती, पियानोवर कोण, आणि ते आपल्यापर्यंत कोणकोणत्या हातांतून आले? ज्यांना यातले जे ठाऊक आहे त्यांनी ते लिहावे. मात्र कव्हरवरचा मजकूर आणि स्वतंत्र पुरावा यांत फरक करून लिहावे, एवढी विनंती आहे.

नोंदवही

मुद्रण करणाऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्याबद्दल वाद नाही. जेरी न्यूमन हा कोलंबिया विद्यापीठाचा विद्यार्थी आपले तबकडी कोरणारे हलवते यंत्र घेऊन हार्लेममधल्या क्लबांत बसत असे. चुंबकीय टेप अमेरिकेत सर्रास वापरात येण्याच्या कितीतरी आधीचा हा काळ आहे. सुई फिरत्या लॅकर तबकडीत खाच कोरत जाई, आणि ती तबकडी म्हणजेच मूळ प्रत आणि तीच एकमेव प्रत. लॅकर मऊ असल्यामुळे ती जितक्या वेळा वाजवावी तितकी झिजते. बाजू भरली की थांबून तबकडी उलटावी किंवा बदलावी लागे, आणि तोवर मंचावरचे वादन पुढे गेलेले असे. सुरुवात नसणे आणि शेवट तुटणे याला नंतरच्या संपादकाची कात्री काही ठिकाणी कारणीभूत असेलही, पण बराचसा दोष या यंत्राच्या मर्यादेचा आहे.

जागेविषयी: मिंटन्स प्लेहाउस हे पश्चिम ११८ व्या रस्त्यावर, हॉटेल सेसिलच्या इमारतीत होते. हेन्री मिंटन या सॅक्सोफोनवादकाने ते १९३८ मध्ये सुरू केले. संगीतकारांच्या संघटनेच्या न्यूयॉर्क शाखेतला (लोकल ८०२) तो पहिला कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता, आणि ही गोष्ट आपल्या विषयाला थेट भिडते. मोबदल्याशिवाय जॅम सेशनमध्ये, म्हणजे जमतील त्या वादकांच्या उत्स्फूर्त मैफलीत, वाजवणाऱ्या सभासदांना संघटना दंड करीत असे. मिंटन्समध्ये ती भीती जवळजवळ नव्हती, त्यामुळे गुडमनसारख्या मोठ्या मालकाकडे नोकरीला असलेला वादकही तिथे रात्री उशिरा येऊन बसू शकत होता. पुढे क्लबचा कारभार टेडी हिल या माजी वाद्यवृंदप्रमुखाकडे आला. त्याने ड्रमवादक केनी क्लार्कला घेतले आणि क्लार्कबरोबर मंक, ट्रम्पेटवर जो गाय व बासवर निक फेंटन असा घरचा ताफा उभा राहिला. ख्रिश्चनसाठी हिलने क्लबमध्ये एक अॅम्प्लिफायर कायमचा ठेवला होता, असेही सांगितले जाते.

तारखेविषयी बहुतेक डिस्कोग्राफ्या (ध्वनिमुद्रणांच्या सूची) १२ मे १९४१ देतात. कॅलेंडर पाहिले तर तो सोमवार निघतो. अपोलो थिएटरमध्ये त्या आठवड्यात कार्यक्रम असलेल्या कलावंतांना हिल सोमवारी बोलावून खाऊपिऊ घालत असे आणि त्याच रात्री मिंटन्समधली मोठी जॅम सेशने होत, याला ही तारीख जुळते. जुळणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे, हे मान्य आहे. पण गुरुवार किंवा शुक्रवार निघाला असता तर शंका अधिक घट्ट झाली असती. दुसरी बाजू अशी की जून १९४१ मध्ये आजारपणामुळे ख्रिश्चनचे वादन थांबले आणि तो पुन्हा उभा राहिला नाही. हिलच्या येण्यापासून या आजारपणापर्यंतचा अवधीच मुळात लहान आहे, म्हणून तारीख एखाद्या आठवड्याने चुकली असली तरी वर्ष आणि ऋतू चुकण्याची शक्यता फार थोडी आहे.

उत्तररात्र

धून कोणती हे शोधणे सोपे आहे, फक्त कव्हर बाजूला ठेवावे लागते. ‘स्विंग टू बॉप’ ही वास्तविक ‘टॉप्सी’ आहे. एडी डरहम आणि एडगर बॅटल यांची ही रचना काउंट बेसीच्या वाद्यवृंदाने १९३७ मध्ये ध्वनिमुद्रित केली. बेसीची तबकडी आणि न्यूमनचे मुद्रण लागोपाठ ऐकावे: बत्तीस बारांची (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) चौकट, त्यात आठ बारांचा एक भाग दोनदा, मग वेगळ्या स्वरसंघातांचा मधला भाग, आणि पुन्हा पहिला. मधल्या भागाशी ख्रिश्चनची बोटे विशेष रमतात, आणि तिथेच ‘टॉप्सी’ची ओळख पक्की पटते.

आता शीर्षकाकडे पाहू. मे १९४१ मध्ये या संगीताला ‘बॉप’ असे कोणीही म्हणत नव्हते. हे नाव प्रचारात आले ते १९४० च्या दशकाच्या मध्यावर, म्हणजे ख्रिश्चन जाऊन काही वर्षे झाल्यावर. म्हणून हे शीर्षक वादकांनी दिलेले असूच शकत नाही. त्याच मालिकेतली इतर नावेही पाहावीत. ‘अप ऑन टेडीज हिल’ आणि ‘डाउन ऑन टेडीज हिल’ ही क्लबच्या व्यवस्थापकाच्या आडनावावरची गंमत आहे, ‘गायज गॉट टू गो’ ट्रम्पेटवाल्या जो गायवर आणि ‘लिप्स फ्लिप्स’ हॉट लिप्स पेज या ट्रम्पेटवादकावर. एकाच माणसाने एका बैठकीत बसून नावे ठेवावीत तशी ती आहेत. त्यांतले ‘अप ऑन टेडीज हिल’ हे फॅट्स वॉलरच्या ‘हनीसकल रोज’च्या स्वरसंघातांवर उभे आहे. ‘स्टॉम्पिन अॅट द सव्हॉय’ मात्र आपल्या खऱ्या नावाने विकले गेले.

आपल्याकडे संगीत नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल अमुक’ असे प्रामाणिकपणे छापलेले असे. इथे ती ओळच गाळली गेली, आणि ती गाळण्यात विक्रेत्याचा फायदा होता, कारण नव्या नावाची रचना म्हटली की जुन्या रचनेच्या प्रकाशकाला मानधन देण्याचा प्रश्न मागे पडतो. हेतू हाच होता असे माझे म्हणणे नाही, परिणाम मात्र तोच झाला. यात एडी डरहमचे नाव गळणे मला सर्वांत खटकते. डरहम हा नुसता रचनाकार नव्हता. वर्धित आवाजाच्या गिटारवर सुरुवातीला काम करणाऱ्यांपैकी तो एक होता, १९३८ मध्ये कमोडोर कंपनीसाठी त्याने कॅन्सस सिटी फाइव्हबरोबर विजेची गिटार वाजवली, आणि ओक्लाहोमात आपण तरुण ख्रिश्चनला भेटलो होतो असे तो सांगत असे. ख्रिश्चनने भर रात्री, कोणी सांगितले नसताना, त्याच माणसाची धून वाजवायला घ्यावी हे फार बोलके आहे, आणि शीर्षक बदलल्यामुळे नेमके तेच झाकले गेले.

पडघम

आजवर ही रचना ख्रिश्चनची स्वतःचीच समजत होतो. माझ्याकडील सीडीवर ख्रिश्चन आणि गिलेस्पी ही दोन्ही नावे एकाखाली एक आहेत, तेव्हा यात गिलेस्पी कोणत्या मिनिटाला येतो हे कोणी सांगू शकेल का? मला तो सापडत नाही.

नोंदवही

तो सापडणार नाही, कारण तो त्यात नाहीच. न्यूमनने त्याच वसंतात गिलेस्पीलाही मुद्रित केले. ‘स्टारडस्ट’ आणि ‘केरुॲक’ हे ते तुकडे. एलपीच्या दोन बाजू भरायच्या तर ख्रिश्चनचे मुद्रण अपुरे पडत होते, म्हणून दोन्ही एकत्र आले आणि तेच एकत्रीकरण पुढच्या आवृत्त्यांनी जसेच्या तसे उचलले. ‘केरुॲक’ हे नावही वर उत्तररात्र यांनी दाखवलेल्या पठडीतलेच आहे: जॅक केरुॲक हा न्यूमनचा मित्र, पुढे प्रसिद्ध झालेला लेखक. धून म्हणाल तर ती ‘एक्झॅक्टली लाइक यू’ची आहे. ही मुद्रणे मिंटन्समधली की मन्रोज अपटाउन हाउस या हार्लेममधल्याच दुसऱ्या क्लबातली, याबद्दल आवृत्त्यांत एकवाक्यता नाही. न्यूमन दोन्हीकडे जात असल्यामुळे, कव्हरवर ‘मिंटन्स’ छापले आहे एवढ्यावरून सगळी तबकडी एकाच रात्रीची आणि एकाच छपराखालची मानू नये.

कोणत्या हातांतून ते आपल्यापर्यंत आले ते थोडक्यात मांडतो. ख्रिश्चनच्या मृत्यूनंतर, १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात, व्हॉक्स कंपनीने यांतले तुकडे ७८ गतीच्या तबकड्यांवर काढले. न्यूमनने पुढे एसोटेरिक नावाची स्वतःची कंपनी काढली आणि १९५० च्या दशकात तेच मुद्रण एलपीवर आणले. त्याच कंपनीच्या आवृत्त्या काउंटरपॉइंट या नावानेही मिळतात. हा साठा नंतर एव्हरेस्टकडे गेला, आणि स्वस्तात मिळणाऱ्या त्यांच्या ‘आर्काइव्ह ऑफ फोक अँड जॅझ म्युझिक’ मालिकेतून तो जगभर पसरला. तिथे वेष्टनावर ख्रिश्चनबरोबर गिलेस्पी आणि मंक अशी तिन्ही नावे आली. सीडीच्या काळात ‘आफ्टर अवर्स’ या नावाने ख्रिश्चन-गिलेस्पी जोडी पुन्हा बाजारात आली. युरोपातल्या आवृत्त्या मोजण्याच्या पलीकडे आहेत.

सहावी तार

त्या युरोपीय आवृत्त्यांचे कारण कायद्यात आहे. युरोपीय संघात ध्वनिमुद्रणावरचा हक्क पूर्वी ५० वर्षांचा होता. २०११ च्या निर्देशाने तो ७० वर्षांचा झाला, पण जे आधीच मुक्त झाले होते ते पुन्हा बांधले गेले नाही, आणि हे मुद्रण तोवर मुक्त झाले होते. अमेरिकेत याच्या उलट आहे. १९७२ पूर्वीची मुद्रणे २०१८ च्या कायद्याने संघराज्याच्या संरक्षणाखाली आली, आणि १९४७ ते १९५६ या काळात प्रथम प्रकाशित झालेल्यांना प्रकाशनापासून तब्बल ११० वर्षे मिळाली. म्हणजे एकच तुकडा अटलांटिकच्या एका काठावर कोणीही छापावा आणि दुसऱ्या काठावर छापू नये, अशी अवस्था आहे. ज्याला मूळ तबकड्यांशी काही देणेघेणे नाही त्यालाही जुन्या एलपीवरून प्रत करून नवे कव्हर छापता येते, आणि कव्हर छापताना मागच्या कव्हरवरचा मजकूर उतरवला जातो. एका ठिकाणची चूक वीस ठिकाणी दिसू लागली की ती बहुमताने खरी वाटते.

आता पियानोचा प्रश्न घ्यावा. माझ्या मते ‘स्विंग टू बॉप’वर मंक नाही. साथ गुळगुळीत आहे, डावा हात नियमित चालतो, आणि नंतरच्या मंकमध्ये आढळणाऱ्या अडखळत्या मोकळ्या जागा कुठेच नाहीत. मला तो केनी कर्सी वाटतो, जो पुढे अँडी कर्कच्या वाद्यवृंदात गेला आणि तिथे १९४२ मध्ये ‘बूगी वूगी कॉकटेल’ करून गाजला.

उत्तररात्र

निष्कर्षाशी मी सहमत आहे, पण त्यामागची कारणे मला मान्य नाहीत. १९४७ नंतरचा मंक डोक्यात ठेवून १९४१ च्या मुद्रणात मंक शोधणे ही पद्धतच सदोष आहे. न्यूमनच्याच इतर मुद्रणांत, ज्यांत मंक असल्याबद्दल फारसा वाद नाही, तेवीस वर्षांचा मंक बराचसा त्या काळच्या स्विंग पियानोवादकांसारखा, टेडी विल्सनच्या वळणाने वाजवतो. त्याच्या खास खुणा अधूनमधून डोकावतात एवढेच. म्हणजे ‘मंकसारखे वाटत नाही, म्हणून मंक नाही’ हा युक्तिवाद त्या वर्षासाठी चालत नाही. योग्य तुलना १९४१ च्या मंकशी आणि १९४२ च्या कर्सीशी करावी लागेल, आणि ती तुकड्यागणिक स्वतंत्र करावी लागेल, कारण जॅम सेशनमध्ये पियानोवरचा माणूस मध्यरात्री कधीही उठतो आणि दुसरा बसतो. ‘स्विंग टू बॉप’ला कर्सी हे मत मीही देईन, मात्र त्याच बळावर ‘स्टॉम्पिन अॅट द सव्हॉय’लाही कर्सीच म्हणायला मी तयार नाही.

मंकचे नाव वेष्टनावर कसे आले याचा अंदाज बांधायला मात्र पुराव्याची फारशी गरज नाही. १९४१ मध्ये त्याला क्लबाबाहेर कोणी ओळखत नव्हते, आणि १९६४ मध्ये तो ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर होता. कर्सीचे नाव छापून एकही प्रत जास्त विकली गेली नसती.

रविवारचा श्रोता

इतक्या बारकाव्यांत शिरून साध्य काय होते? गिटार तीच, स्वर तेच. सोमवार असला काय आणि मंगळवार असला काय, कानाला फरक पडत नाही.

उत्तररात्र

सोमवार-मंगळवाराने पडत नसेल, पण शीर्षकाने पडतो. ‘स्विंगकडून बॉपकडे’ असे नाव वाचून जो ऐकायला बसतो तो ख्रिश्चनच्या प्रत्येक वाक्यात चार वर्षांनंतरचे बीबॉपवाले चार्ली पार्कर आणि गिलेस्पी शोधू लागतो, आणि शोधल्यावर ते सापडतातच. मग हेच मुद्रण बीबॉपचा जन्म मिंटन्समध्ये झाला याचा पुरावा म्हणून पुढे केले जाते. हे गोल फिरणे आहे: ज्याने नाव दिले त्याला गोष्टीचा शेवट ठाऊक होता, आणि आपण त्याच्या नावालाच साक्षीदार करतो. ‘टॉप्सी’ म्हणून ऐकले तर वेगळे ऐकू येते. क्लार्कचे मधूनच पडणारे ठोके खरोखर नवे आहेत, त्याबद्दल दुमत नाही. पण बास सरळ स्विंगची चाल चालतो, ट्रम्पेट स्विंगच्या रॉय एल्ड्रिजच्या छायेत आहे, आणि ख्रिश्चनच्या लांबलचक ओळींचे मूळ लेस्टर यंगच्या सॅक्सोफोनमध्ये, म्हणजे बेसीच्या त्याच वाद्यवृंदात सापडते ज्याने ‘टॉप्सी’ वाजवली. भविष्य सांगणारा म्हणून नव्हे, तर कॅन्सस सिटीची परंपरा कोळून प्यालेला वादक म्हणून तो मला तिथे अधिक मोठा दिसतो.

बारकाव्यांनी ऐकणे बदलते याचे दुसरे उदाहरण मंक आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या फाइव्ह स्पॉट या न्यूयॉर्कच्या क्लबमधल्या मुद्रणाचे आहे. कोल्ट्रेनच्या पत्नीने साध्या यंत्रावर केलेले ते मुद्रण १९९३ मध्ये बाहेर आले तेव्हा ते १९५७ च्या उन्हाळ्यातले, दोघांच्या मूळ एकत्र वादनाच्या काळातले, म्हणून विकले गेले. नंतर ते ११ सप्टेंबर १९५८ चे ठरले, आणि टेपची गतीही दुरुस्त करावी लागली. चुकीच्या गतीने ऐकताना स्वर आणि लय दोन्ही बदलतात, तेव्हा तिथे ‘कानाला फरक पडत नाही’ असे म्हणताच येणार नाही.

नोंदवही

गतीचा मुद्दा न्यूमनच्या तबकड्यांनाही लागू आहे. हलवत्या यंत्राची फिरण्याची गती मुद्रणाच्या वेळी अचूक नसण्याची शक्यता असते, आणि प्रत काढणाऱ्याने ती तपासली नसेल तर चूक कायम राहते. पियानो साथीला असल्यामुळे तपासणी करता येते: आवाज दोन स्वरांच्या मधे लटकत असेल तर गती चुकलेली आहे, किंवा पियानो बेसूर होता. दोन आवृत्त्यांची लांबी सेकंदापर्यंत ताडून पाहिली तर त्या एकाच प्रतीवरून निघाल्या आहेत का याचाही अंदाज येतो. एकाच जागी तेच ओरखडे ऐकू येत असतील तर शंकाच नको. एकस्वनी (मोनो) मुद्रणाला कृत्रिम स्टिरिओचा मुलामा दिलेल्या १९६० च्या दशकातल्या एलपी मात्र अशा तपासणीतून वगळाव्यात, कारण त्यांत पियानोचा पोत इतका बिघडतो की कर्सी-मंक वाद त्यांवर घालणे व्यर्थ आहे.

न्यूमनच्या तबकड्यांचे महत्त्व ख्रिश्चनपुरते नाही हेही नोंदवून ठेवतो. पियानोवादक आर्ट टेटमला त्याने हार्लेममध्ये मुद्रित केले होते, आणि ते ‘गॉड इज इन द हाउस’ या नावाने ऑनिक्स कंपनीने १९७३ मध्ये काढले तेव्हा त्याला ग्रॅमी मिळाले. हॉट लिप्स पेज आणि डॉन बायस यांची मुद्रणेही त्याच सुमारास आणि त्याच संग्रहातून आली. त्या आवृत्त्यांचे काम बऱ्याच काळजीने झाले असल्यामुळे, न्यूमनच्या यंत्राचा मूळ आवाज कसा होता हे समजून घ्यायचे असेल तर आधी त्या ऐकाव्यात आणि मग ख्रिश्चनकडे यावे.

पडघम

दोन्ही ऐकले. बेसीच्या ‘टॉप्सी’तला मधला भाग आणि ख्रिश्चनचा मधला भाग शेजारी ठेवल्यावर आता ते वेगळे ऐकूच येत नाहीत. गिलेस्पीच्या तुकड्यांत गिटार नाही, हेही खात्री करून घेतले.

सहावी तार

मग आवृत्ती निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात असे सुचवतो: धून ‘टॉप्सी’ असल्याचा उल्लेख आहे का, वादकांची यादी तुकड्यागणिक दिली आहे की सर्वांना एकच, आणि प्रत कशावरून काढली हे सांगितले आहे का. तिसरी माहिती क्वचितच मिळते, पण जिथे ती आहे तिथे पहिल्या दोन सहसा बरोबर असतात.

एक काम मात्र उरते. व्हॉक्सच्या ७८ गतीच्या मूळ तबकड्या कोणाच्या संग्रहात असतील, विशेषतः परदेशात राहणाऱ्या सभासदांपैकी कोणाला जुन्या तबकड्यांच्या दुकानात त्या दिसत असतील, तर त्यांनी लेबलचे छायाचित्र इथे द्यावे. शीर्षकाखाली रचनाकार म्हणून कोणाचे नाव छापले आहे ते पाहायचे आहे. तिथे डरहम आणि बॅटल असतील तर नाव पुसण्याचे काम नंतरच्या कोणीतरी केले असे धरून एसोटेरिकपासून पुढची लेबले क्रमाने तपासता येतील.